धाकट्याची मंडळी

आमच्या आईला दोन मुलं झाली आणि दोघांनीही तिला चारचौघांत मान वर करू दिली नाही. थोरली मी, तोंडाला रंग फासून नाटकात उभी राहिले. धाकटा गावाच्या गटाराच्या तोंडाशी जाऊन बसला. घरी कुणी आलं की आई सांगायची, "मुलगी बाहेरगावी असते आणि मुलगा पाण्याच्या खात्यात आहे." दोन्ही खरं होतं. नाटकात चाळीस वर्षं काढली, पण इतकं सफाईदार वाक्य मला कुणी लिहून दिलं नाही.

धाकटा गेल्या महिन्यात निवृत्त झाला. त्याच्या निरोप समारंभात मुख्याधिकाऱ्यांनी भाषणात त्याच्या नोकरीतल्या 'एकमेव डागा'चा उल्लेख केला, तोही मोठ्या मनाने माफ केल्यासारखा. तो डाग कुणाचा होता हे त्या मांडवात चार-पाच जणांना पक्कं माहीत होतं आणि त्यातले तीन टाळ्या वाजवत होते. म्हणून मी हे लिहितेय. मला आता संवाद लक्षात राहत नाहीत, पण हा प्रवेश सगळा पाठ आहे.

गावाच्या उतारावर, जिथे डांबर संपतं आणि ओढा सुरू होतो, तिथे सांडपाण्याचा प्लांट आहे. गावात त्याला कुणी प्लांट म्हणत नाही, 'तिकडे' म्हणतात. या गावातल्या प्रत्येक माणसाची अशी समजूत आहे की आपण संडासात पाणी ओतलं की विषय संपला. पुढे काय होतं हे विचारणं सभ्यपणाचं नाही. जणू पाइपाच्या पलीकडे देव बसलाय आणि तो सगळं गिळतो. पाइपाच्या पलीकडे माझा भाऊ बसला होता. एकतीस वर्षं. गाव त्याला 'नाक्या' म्हणायचं, कारण तो टाकीवर वाकून वास घ्यायचा आणि मशीन बघायच्या आधी सांगायचा की कुठे काय बिघडलंय.

मीही काही धुतल्या तांदळाची नाही. चार लोकांत बसले की 'आमचा धाकटा गावाचं पोट साफ ठेवतो' म्हणून हशा घ्यायचे. हशा सोपा होता. मी स्वतः प्लांटवर पाऊल ठेवलं ते गुडघ्यांनी नाटक सोडायला लावल्यावर, गावी परत आल्यावर.

त्या दिवशी त्याने मला सगळं दाखवलं, आम्ही नव्या नटाला पडद्यामागची बाजू दाखवतो तसं. आधी लोखंडी जाळी. गावाने पाण्याबरोबर सोडलेली अब्रू तिथे अडकते: कंगवे, मोजे, प्लास्टिकच्या पिशव्या, एक अर्धी कवळी, बाहुलीचा हात. इथे वास होता, नाही कशाला म्हणू. पुढे वाळू खाली बसते तो हौद. आणि त्याच्या पुढे मोठी चौकोनी टाकी, जिच्या तळातून यंत्रं हवा फुंकत होती आणि कडक कॉफीच्या रंगाचं पाणी उसळत होतं.

"ताई, वाकून वास घे," तो म्हणाला.

"मी? अरे मेल्या, मी तीनशे प्रयोग राणी होते."

"राणीला नाक नसायचं का?"

मी पदर सावरून वाकले. घाण नव्हतीच. बागेतली कुंडी उकरल्यावर येतो तसा ओल्या मातीचा वास.

"यात मंडळी राहतात," धाकटा म्हणाला. "डोळ्यांना दिसत नाहीत, पण कोट्यवधी आहेत. गावाने टाकलेलं सगळं खातात, खाऊन जड होतात आणि पुढच्या टाकीत तळाला बसतात. वरचं पाणी स्वच्छ निघतं. खालच्यांना मी परत इथे आणून सोडतो. आपण फक्त हवा द्यायची. हवा थांबली की गुदमरतात."

मला एकदम आमची नाटक मंडळी आठवली. तीही मिळेल ते खायची, एकमेकांच्या अंगावर राहायची आणि कुणी कौतुकाचा वारा घातला नाही की मरायला टेकायची.

रोज सकाळी आठला धाकटा एक लिटरची काचेची मोजनळी त्या टाकीत बुडवायचा, भरून केबिनच्या खिडकीत ठेवायचा आणि अर्धा तास तिच्यासमोर बसायचा. बोलायचं नाही, चहा नाही. तपकिरी रंग हळूहळू खाली बसत जायचा आणि वर नितळ पाणी उभं राहायचं. तीनशेच्या रेघेवर गाळ बसला की मंडळी धडधाकट. खालीवर झाला की त्याच्या कपाळावर आठ्या. नळीचा काठ एका बाजूला टवका उडालेला होता, पण दुसरी नळी तो वापरायचा नाही.

"वन्सं, लग्न झाल्यापासून माझ्याकडे हे अर्धा तास सलग कधी बघितलेले नाहीत," माझी भावजय म्हणायची.

"तू खाली बसतेस कुठे?" तो म्हणायचा.

तर अशा या माणसाच्या राज्यात आठ वर्षांपूर्वी मुख्याधिकारी आले. राजधानीतले कुणी बडे पाहुणे स्वच्छ गावाचं बक्षीस द्यायला येणार होते आणि कार्यक्रम प्लांटवरच करायचा, असं वरून ठरलं होतं. भावजयीला ताप होता म्हणून त्या दिवशी डबा घेऊन मी गेले होते, त्यामुळे साहेबांचा प्रवेश मला पहिल्या रांगेतून बघायला मिळाला.

वाईट नट ओळखायची एक खूण असते. तो भूत दिसायच्या आधीच घाबरतो. साहेबांनी गेटच्या बाहेर, जिथे कसलाही वास येत नाही, तिथेच रुमाल नाकाला लावला होता. मागे आरोग्य निरीक्षक, हातात वही, साहेब जे बोलतील त्याला मान हलवायला मानेचं तेलपाणी करून आलेले.

"वास येतोय," साहेब म्हणाले.

"जाळीपाशी येतो साहेब," धाकटा म्हणाला. "जाळीवर झाकण टाकू. मांडव या बाजूला घातला तर पाहुण्यांना काही जाणवणार नाही. टाकीला वास नाही."

"पाहुण्यांना जाळी आणि टाकी यातला फरक कळतो?"

"नसेल कळत."

"मग? निरीक्षक, फिनेल किती आहे?"

"मागवू तितकं, साहेब."

"मागवा. टाक्यांमध्ये ओता. सुवासिक मिळतं ना, ते. आणि ब्लीचिंग पावडर. आणि हा आवाज कसला?"

"हवेची यंत्रं आहेत," धाकटा म्हणाला.

"भाषणं कशी ऐकू जाणार? त्या दिवशी बंद ठेवा. सकाळपासून."

धाकट्याचा आवाज नेहमीच खालच्या पट्टीतला. तो म्हणाला, "साहेब, टाकीत फिनेल ओतता येत नाही. ती जिवंत आहेत."

"कोण?"

"मंडळी. पाणी साफ करणारे जंतू. फिनेल जंतू मारायलाच बनवलेलं असतं."

साहेबांनी निरीक्षकांकडे बघितलं. निरीक्षक आधी हसले, मग साहेब हसले. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. "अहो, गटारातले जंतू वाचवायचे म्हणतायत हे," निरीक्षक म्हणाले. "उद्या डासांचीही सोय करा म्हणतील."

साहेब गेले. माझ्या हातातला डबा तसाच राहिला. आयुष्यभर मी मूर्ख राजे बघितले, पण ते कुणीतरी लिहिलेले असायचे. हा बिनलेखकाचा होता.

धाकट्याने रीतसर अर्ज केला. दोन पानं, स्वच्छ अक्षरात: यंत्रं चार तासांवर बंद राहिली तर काय होतं, फिनेलने काय होतं, टाकी पुन्हा उभी करायला किती आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी अर्ज परत आला. कोपऱ्यात शिक्का होता, 'पाहिले', आणि खाली साहेबांची सही. पाहिलं असणारच. वाचलं असं कुठे म्हटलं होतं?

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी दुपारी माझ्या घरासमोर टेम्पो उभा राहिला. धाकट्याने प्लास्टिकची दोन मोठी पिंपं उतरवली, दोन्ही त्या कॉफीच्या रंगाने काठोकाठ.

"तुझ्या मागच्या अंगणात विजेचं बटण आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे. का?"

"मंडळी काही दिवस तुझ्याकडे राहतील."

"तुझ्या घरी काय झालं?"

"तिने नाही म्हटलं. म्हणाली, एकतर मी राहीन नाहीतर ती मंडळी."

माशांच्या काचपेटीला लावतात तसे छोटे पंप त्याने आणले होते. दोन्ही पिंपांत नळ्या सोडल्या, बटण दाबलं आणि बुडबुडे सुरू झाले. "दुकानदाराने विचारलं, मासे किती आहेत," धाकटा म्हणाला. "मी सांगितलं, मोजले नाहीत." मग मला कामाची यादी दिली. भांडी विसळलेलं खरकटं पाणी रोज एक तांब्या घालायचं, पण साबणाचं नाही. पंप बंद पडला तर ताबडतोब फोन. मी राणी, सम्राज्ञी, एका नाटकात तर थेट देवी होते, आणि म्हातारपणी वाट्याला आलं काय, तर गटाराची दाई होणं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सहापासून निरीक्षकांनी टाक्यांत फिनेल ओतलं. एकशे वीस कॅन. ब्लीचिंग पावडरची पोती वेगळी. यंत्रं बंद. अकराला आम्ही मांडवात खुर्च्यांवर बसलो तेव्हा सगळीकडे इस्पितळाच्या फरशीचा वास होता. टाकी शांत होती, तिच्यावर पांढरट साय धरली होती. मी तिला इतकी गप्प कधीच बघितली नव्हती. नाटकगृहात गर्दी असून टाळी पडत नाही तेव्हा असं वाटतं.

धाकट्याला नवा गणवेश दिला होता, दोन मापं मोठा, आणि पाहुण्यांना द्यायला हातात फुलांचा गुच्छ. तो स्वागताच्या रांगेत उभा होता. मध्येच रांग सोडून टाकीच्या कठड्याशी गेला, वाकला, एकच श्वास घेतला आणि गुच्छ कठड्यावर ठेवून दिला.

निरीक्षक धावत आले. "अहो, तो पाहुण्यांसाठी आहे."

"माहीत आहे," धाकटा म्हणाला आणि हात मागे बांधून रांगेत परत उभा राहिला.

पाहुणे म्हणाले, "मला कळेना, मी सांडपाण्याच्या केंद्रात आलोय की फुलबागेत." टाळ्यांचा कडकडाट. गावाला निळ्या काचेचा मोठा थेंब मिळाला, लाकडी बैठकीवर बसवलेला. तो आजही नगरपालिकेच्या काचेच्या कपाटात आहे. त्या प्लांटमधून त्या आठवड्यात बाहेर पडलेला एकुलता एक स्वच्छ थेंब तोच.

कारण तिसऱ्या दिवशी फुलबाग संपली. खाणारं कुणी उरलं नव्हतं आणि गाव तर सोडतच होतं. टाकी काळी पडली. कुजक्या अंड्यांचा वास आधी ओढ्याने गेला, मग चढ चढून गावात आला. खालच्या वस्तीजवळ ओढ्यात मासे पोट वर करून तरंगले. ज्या बायकांनी आयुष्यात 'तिकडे' बघितलं नव्हतं, त्या आता खिडक्या लावून घेत 'नाक्या काय झोपलाय का' म्हणायला लागल्या. वाऱ्याला मात्र रंगभूमीची जाण होती. तो सरळ मुख्याधिकाऱ्यांच्या बंगल्यावर जायचा.

वरच्या कार्यालयाची माणसं येऊन पाण्याचे नमुने घेऊन गेली. अहवाल जो यायचा तो आला. आता कागदाला एक दोषी हवा होता आणि कागद तयार होता: 'ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे हवेची यंत्रं बंद राहिली व प्रक्रिया निकामी झाली.' खाली सहीची जागा कोरी.

धाकटा तो कागद घेऊन दुपारी माझ्याकडे आला. आधी मागे जाऊन पिंपं बघितली, बोट बुडवून वास घेतला, मग स्वयंपाकघरात येऊन बसला.

"सही केली नाही तर?" मी विचारलं.

"मला बागखात्यात टाकतील. झाडांना पाणी घालायला."

"मग घाल पाणी. झाडं तरी दिसतात."

"आणि प्लांट बंद करतील. बाजूची झडप उघडायची आणि सगळं सरळ ओढ्यात सोडायचं. साहेब म्हणाले, नाहीतरी चालत नाही, विजेचं बिल कशाला. ताई, ती झडप एकदा कायमची उघडली की कुणी परत बंद करत नाही. खालची वस्ती त्याच ओढ्यात कपडे धुते."

"आणि सही केली तर?"

"चाळीस दिवस मागितलेत. चाळिसाव्या दिवशी नमुना पास झाला तर प्लांट चालू राहील. नाही झाला तर झडप."

मी भडकले. खोटं कशाला सांगू, ताटली आपटली. म्हटलं, "तुझ्या नोकरीच्या पुस्तकात जन्मभर राहील ते. ज्याने विष ओतलं तो बक्षीस घेऊन बसलाय आणि तू खुनाची कबुली देतोस? तुला लाज नाही ती नाही, मला तरी आहे."

त्याने ताटली उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "तू दुसऱ्यांची पापं अंगावर घेऊन किती वेळा मेलीस गं? शनिवारी मरायचीस, रविवारी दोनदा मरायचीस."

"लोकांना माहीत होतं ते खोटं आहे. आणि मला टाळ्या पडायच्या."

"टाळ्यांनी पाणी साफ होत नाही," तो म्हणाला आणि खिशातून पेन काढलं.

सहीच्या वर त्याने स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या: 'वरील मान्य. मात्र यापुढे टाक्यांत कोणतेही द्रव्य टाकणे व हवेची यंत्रे बंद करणे हे फक्त ऑपरेटरच्या लेखी परवानगीने व्हावे.' साहेबांनी तो कागद हातात पडताच समाधानाने खाली शिक्का मारला, 'पाहिले', आणि सही केली. आयुष्यभर न वाचण्याची सवय शेवटी कुणाच्यातरी उपयोगी पडली.

मग चाळीस दिवस. पहिले आठ दिवस त्याने नुसतं गावाचं नवं पाणी टाकीतून वाहू दिलं, फिनेलचा वास जाईपर्यंत. ओढ्याने तेवढं सोसलं. दुसरा इलाज नाही, असं धाकटा म्हणाला, पण हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मग माझ्या अंगणातली पिंपं परत गेली, पण सरळ टाकीत नाही. आधी एका लहान हौदात, थोडं पाणी, भरपूर हवा. मंडळी वाढली की जरा जास्त पाणी. आम्हीही असंच करायचो: मोठ्या शहरात प्रयोग लावायच्या आधी लहान गावात नाटक बसवून बघायचं. पंधराव्या दिवशी हौद मोठ्या टाकीत सोडला.

रोज आठला मोजनळी. मी रोज जायला लागले, न जाऊन सांगते कुणाला. पहिल्या दिवशी तळाशी फक्त धूळ. दहाची रेघ. मग तीस. मग चार दिवस तीसच. भावजय म्हणाली, "हे जेवतायत, पण मंडळींच्या बरोबरीनं. ती थांबली की हे थांबतात."

बाविसाव्या दिवशी निरीक्षक गेटवर आले, हातगाडीवर दहा कॅन घेऊन. गेटमध्ये खुर्ची टाकून भावजय भाजी निवडत बसली होती.

"साहेबांनी पाठवलंय," निरीक्षक म्हणाले. "गावात वास आहे. थोडंच ओतू."

"ओता की," भावजय म्हणाली. "पण आधी तुमच्या घरच्या पिण्याच्या टाकीत ओता. तुम्ही चार दिवस टिकलात तर आम्ही इथे ओततो."

"वहिनी, मी हुकमाचा ताबेदार आहे."

"मग हा हुकूम वाचा." तिने भाजीच्या परडीखालून त्या कागदाची प्रत काढली. निरीक्षकांनी साहेबांची सही बघितली, वरच्या दोन ओळी वाचल्या, पुन्हा सही बघितली. त्या दिवशी नगरपालिकेच्या इतिहासात पहिल्यांदा कुणी काहीतरी वाचलं असावं. हातगाडी परत गेली.

त्यानंतर मंडळींनी मनावर घेतलं. साठ, नव्वद, दीडशे. पाण्याचा रंग आधी राखाडी होता, मग चहासारखा झाला, मग कॉफीकडे झुकला. चौतिसाव्या दिवशी धाकट्याने मला कठड्याशी बोलावलं. मी आपण होऊन वाकले. कुंडीतली माती.

चाळिसाव्या दिवशी वरच्या कार्यालयाचा माणूस नमुना घ्यायला आला तेव्हा नळीत गाळ दोनशे ऐंशीवर बसला होता. "तीनशे नाही," धाकटा हळहळला. त्या माणसाने बाटली उजेडात धरली, दोनदा फिरवली आणि विचारलं, "हे पाणी इथलंच आहे ना?" धाकट्याला तो अपमान वाटला, मला कौतुक. नमुना पास झाला. झडप बंद राहिली आणि आजही बंद आहे. वर्तमानपत्रात बातमी आली, 'मुख्याधिकाऱ्यांच्या पुढाकाराने केंद्र पूर्ववत'. धाकट्याच्या नोकरीच्या पुस्तकात लाल शाईची ओळ तशीच राहिली.

आता निरोप समारंभाकडे येते. आठ वर्षांत साहेबांचा मुक्काम दोन गावं फिरून परत इथेच आला होता, जरा रुंद होऊन. त्यांनी डाग माफ केला. मग भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. आणि म्हणाले, "आता दोन शब्द बोला."

धाकटा उठला. टेबलाखालून मोजनळी काढली, तीच, काठाला टवका उडालेली, सकाळीच टाकीतून भरून आणलेली. दोनदा उलटीपालटी करून हलवली, माइकसमोर टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसला. बोलला काहीच नाही.

लोकांना वाटलं, गहिवरलाय. दोन मिनिटं गेली. कुणी खाकरलं. पाच मिनिटं गेली. साहेबांनी निरीक्षकांकडे बघितलं. उठावं तर कसं आणि बसावं तर बघावं कुठे, अशा वेळी जे होतं ते सगळं त्या व्यासपीठावर झालं: चष्मे पुसले गेले, फोन आले नसताना घेतले गेले. मी आयुष्यात मोठमोठे नट शांतता धरताना बघितलेत. अर्ध्या मिनिटाची शांतता पेलली तरी आम्ही विंगेतून हात जोडायचो. धाकट्याने अर्धा तास पेलला.

त्या मांडवात घड्याळाकडे न बघता नळीकडे बघत बसलेली फक्त एक व्यक्ती होती. त्याच्या जागेवर आलेली नवी ऑपरेटर, तिशीतली बाई, शेवटच्या रांगेतून उठून हळूहळू पुढे आली होती आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत होती. अर्धा तास झाला. वर नितळ पाणी, खाली तपकिरी गाळ.

"किती?" धाकट्याने तिला विचारलं.

"तीनशे दहा. जरा जास्त आहे. उद्या थोडा गाळ काढावा लागेल."

"आजच काढा," तो म्हणाला, नळी तिच्या हातात दिली आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "चला."

समारंभ तिथेच संपला. साहेबांचं आभाराचं भाषण राहून गेलं. ते घड्याळ घरी आणल्यावर कळलं की त्यात सेल घातलेला नाही. भावजयीने ते तसंच भिंतीवर लावलंय. म्हणते, पालिकेचं आहे, चाललं तर घाबरेन.

माझ्या मागच्या अंगणातली पिंपं मी कधीच काढून टाकणार होते. प्लांट सुरू झाल्यावर धाकट्याने दोन्ही पुन्हा भरून आणली आणि पंप लावले. "कशाला आता?" मी विचारलं, तर म्हणाला, "पाहुणे परत येतील." नव्या ऑपरेटर बाई मागच्या आठवड्यात स्वतः येऊन बघून गेल्या, वाकून वास घेतला आणि एका पंपाचा आवाज बिघडलाय म्हणाल्या. मी दुकानातून नवा आणला. दुकानदाराने विचारलं, मासे कसे आहेत. मी म्हटलं, जेवतात चांगले.

आत्ता हे लिहिते आहे आणि मागून बुडबुड्यांचा आवाज येतोय. सकाळची भांडी विसळून झालीत. एक तांब्या पाणी घालायचं राहिलंय, ते घालून येते.